प्रदर्शन उतरल्यावर शिल्प कुठे जाते?

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

वितळती पृथ्वी खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाची तुझी रेखाटने मिळाली. तुझा हात तयार आहे आणि पर्यावरणाच्या विषयाची तळमळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र ही १२ फुटांची आकृती फायबर ग्लासमध्ये करायची, असे तू सोबतच्या टिपणात लिहिले आहेस, तिथे मी अडलो.

तुझ्या वयाचा असताना मी नेमके हेच केले होते. दूषित पाण्यात मेलेला एक भला मोठा मासा मी घडवला. मातीकाम झाले, साचा निघाला आणि काचतंतूंवर रेझिनचे, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट रसायनाचे, थर चढू लागले. त्यातल्या स्टायरीन या द्रवाच्या उग्र वासाने डोके भणभणत असे, आणि घासकामाची बारीक धूळ मनगटांच्या कातडीत शिरून रात्रभर खाज सुटत असे. प्रदर्शनात माशाचे कौतुक झाले, पण तो कुणी घेतला नाही आणि कार्यशाळेच्या मागच्या भिंतीशी येऊन पडला. काही वर्षांत उन्हाने त्याचा रंग उडाला, शेपटीचे पापुद्रे सुटले आणि आतली काच टोचू लागली. ब्राँझ असते तर पुन्हा वितळवता आले असते, लाकूड असते तर कुजून मातीला मिळाले असते. एकदा कडक झालेले रेझिन यातले काहीच करत नाही. अखेर करवतीने त्याचे तुकडे करून मी ते कचऱ्याच्या गाडीत टाकले. त्या दिवशी वाटलेली शरम अजून गेलेली नाही, आणि म्हणूनच हे पत्र लांबणार आहे.

या विषयावर काम करणाऱ्या शिल्पकाराला माध्यम नंतर ठरवून चालत नाही. माध्यमच आधी बोलते. कलावंत ओलाफूर एलियासन आणि भूवैज्ञानिक मिनिक रोसिंग यांनी ‘आइस वॉच’ या कामासाठी ग्रीनलंडच्या हिमावरणातून तुटून फ्योर्डमध्ये, म्हणजे समुद्राच्या अरुंद खाडीत, तरंगणारे बर्फाचे प्रचंड तुकडे आणले आणि ते २०१४ मध्ये कोपनहेगनला, तर २०१५ मध्ये हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसच्या पँथिऑनसमोरच्या चौकात, घड्याळाच्या आकड्यांसारखे १२ तुकडे वर्तुळात मांडून ठेवले. लोक त्यांना हात लावत, कान लावत. हजारो वर्षांपूर्वी अडकलेली हवा बारीक तडतडत बाहेर पडताना ऐकू येत असे. शिल्पकाराला वेगळे काही सांगावे लागले नाही. एवढा बर्फ इतक्या दूर वाहून नेण्यात इंधन जळलेच, असा आक्षेप तू घेशील आणि तो रास्त आहे. पण त्या उत्सर्जनाचा हिशेब करून तो लोकांपुढे मांडण्यात आला, हे मला महत्त्वाचे वाटते.

याचा अर्थ भंगार गोळा कर, असा मुळीच घेऊ नकोस. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा देवमासा करणे म्हणजे पुष्कळदा निव्वळ ‘टाकाऊतून टिकाऊ’ असते. पाहणारा ‘काय कल्पना आहे!’ म्हणतो आणि पुढे जातो. घानाचे शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची हजारो झाकणे चेपून तांब्याच्या तारेने जोडतात, तेव्हा त्या झळाळत्या पडद्यात आफ्रिकेत मद्य घेऊन आलेल्या युरोपीय व्यापाराचा इतिहासही विणला जातो. तुझ्या वस्तूलाही असा स्वतःचा भूतकाळ असला पाहिजे.

मला सर्वांत जवळचे वाटणारे काम मात्र जर्मन कलावंत जोसेफ बॉइस यांचे आहे. १९८२ मध्ये जर्मनीतील कासेल येथे त्यांनी बेसॉल्ट या काळ्या दगडाचे ७,००० खांब एका इमारतीसमोर ढिगाने रचून ठेवले आणि एक झाड लावले की एकच खांब उचलून त्याच्या शेजारी रोवायचा, असा नियम घातला. शहरात झाड लागले की ढीग एका दगडाने कमी होई, म्हणजे किती काम उरले आहे हे कुणालाही येता-जाता दिसत असे. १९८६ मध्ये बॉइस गेले, शेवटचे झाड १९८७ मध्ये लागले. आज त्या झाडांनी शेजारच्या दगडांना केव्हाच मागे टाकले आहे; दगड तेवढाच राहतो, झाड वाढत जाते, आणि ते शिल्प अजून घडतेच आहे.

आता तुझ्या आकृतीकडे वळू. खांद्यावरची पृथ्वी काढून टाक, कारण शीर्षक वाचताच जे कळते ते पुन्हा घडवण्यात अर्थ नाही. सिमेंटकडे वळण्याचा मोह होईल, पण जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट-उद्योगाचा वाटा सुमारे ८ टक्के आहे, हे ध्यानात ठेव. मला स्वतःला न भाजलेल्या मातीची आकृती करून ती उघड्यावर पावसात सोडावी, असे वाटते. तिचे विरघळणे रोज पाहायला तू तिथे उभे राहावेस. अर्थात निर्णय तुझा आहे.

पुढचे रेखाटन पाठवशील तेव्हा कागदाच्या मागे एवढे लिहून पाठव: साहित्य कुठून येणार, वजन किती, वाहतूक कशाने होणार आणि प्रदर्शन उतरल्यावर ते कुठे जाणार. मी आधी कागदाची ती बाजू वाचेन.

तुझा,
एक जुना शिल्पकार