मोटरहोममधला टॉयलेटचा वास

प्रश्न : अमेरिकेत मोटरहोमने (आत राहायची सोय असलेल्या गाडीने) फिरतो. कॅम्पग्राउंडवर (अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या जागी) गाडीतल्या मैल्याच्या टाकीची, तिथल्या गटाराच्या पाइपाकडे जाणारी झडप उघडीच ठेवतो, तरी वास जात नाही. टाकीत टाकायचं वास मारणारं केमिकल वाढवावं का?

उत्तर : केमिकल राहू द्या, आधी ती झडप बंद करा. उघड्या झडपेतून पाणी वाहून जातं आणि मैला तळाशी साचून घट्ट होतो. टाकी दोन-तृतीयांश भरल्यावरच रिकामी करा आणि लगेच १०-१५ लिटर पाणी आत सोडा.

मग कमोडमध्ये थोडं पाणी ठेवून तासाभराने बघा. उतरलं असेल, तर टाकीचा वास अडवणारं कमोडच्या तळाचं झाकण नीट बसत नाही; त्याच्या रबरी सीलच्या खाचेत बहुतेक कागदाचे ओले कण अडकलेले असतात. ते पुसा, तरीही पाणी उतरलं तर सील बदला.

आणि फ्लश करताना छतावरचा पंखा बंदच हवा! नाहीतर तो टाकीतली हवा थेट आत खेचतो.