मराठी-इंग्रजी नोंदी एका जागी ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमच्या नोंदी निम्म्या मराठीत, निम्म्या इंग्रजीत आहेत. काही गुगल कीपमध्ये, काही व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या, काही जुन्या वर्ड फाइलींत. लॅपटॉप विंडोजचा, फोन अँड्रॉइड. या परिस्थितीत मी कायमच्या नोंदींसाठी ऑब्सिडियन सुचवेन आणि चालता चालता टिपून घ्यायला कीप तसंच राहू द्या म्हणेन. दोन उपकरणांचा मेळ घालायची कटकट नको असेल, तर ऑब्सिडियनऐवजी जॉपलिन.

निवडताना फीचर्सची यादी बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी बघा. उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं झालं तर नोंदी कोणत्या रूपात हातात येतील? आणि मराठी शब्द शोधला की तो खरंच सापडतो का?

पहिली गोष्ट का, ते एवरनोट या नोंदींच्या जुन्या सॉफ्टवेअरवरून कळतं. डिसेंबर २०२३मध्ये त्यांनी फुकट खात्यावर ५० नोंदी आणि एक वही एवढीच मर्यादा घातली. ज्यांच्या नोंदी जास्त होत्या त्यांना जुन्या वाचता येत होत्या, पण नवी लिहिता येत नव्हती. ऑब्सिडियन प्रत्येक नोंद तुमच्याच फोल्डरमध्ये मार्कडाउन फाइलीत, म्हणजे मांडणीच्या थोड्या खुणा असलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतं. कंपनी उद्या बंद पडली तरी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडते. जॉपलिन नोंदी डेटाबेसमध्ये ठेवतं, मात्र सगळं मार्कडाउन फोल्डर म्हणून बाहेर काढता येतं. नोशनमधूनही मार्कडाउन निघतं. चारचौघांत मिळून तक्ते भरायचे असतील तर ते छान, पण एकट्याच्या नोंदींसाठी मला ते जड वाटतं. पेनने हातानं लिहीत असाल तर वननोट घ्या.

आता शोध. खरी गोची इथेच आहे आणि इंग्रजी परीक्षणांत तिचा उल्लेखही नसतो.

मराठीत शब्द विभक्तीनं बदलतो. ‘विहीर’ शोधलंत तर ‘विहिरीत’ सापडत नाही, कारण दीर्घ ‘ही’चा ऱ्हस्व ‘हि’ झालेला असतो. ‘पुणे’ शोधून ‘पुण्यात’ मिळत नाही. म्हणून न बदलणारा तुकडा शोधायची सवय लावा: ‘विह’, ‘पुण’. ऑब्सिडियन शब्दाचा तुकडाही शोधतं. शिवाय दोन तिरक्या रेघांमध्ये /विह[िी]र/ असं लिहिलंत तर दोन्ही रूपं एकदम येतात. जॉपलिनमध्ये तुकड्यानंतर तारा द्या: विह*. जे सॉफ्टवेअर फक्त पूर्ण शब्दच शोधतं, ते मराठीसाठी बाद.

दुसरा घोळ डोळ्यांना दिसतच नाही. ‘साताऱ्यात’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत देतात, तर काही साधा ‘र’, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी वेगळे. फोनवर लिहिलेली नोंद लॅपटॉपवर सापडत नसेल तर आधी इथे शंका घ्या. उपाय साधा आहे: शोधताना ‘सातार’पर्यंत न जाता ‘साता’पर्यंतच लिहा, कारण तिथपर्यंत दोन्ही रूपं सारखी असतात. आकड्यांचंही तसंच, ‘२०२५’ शोधून इंग्रजी अंकातलं वर्ष मिळेल असं धरून चालू नका. तारखांना एकच पद्धत ठरवा आणि वर्ष-महिना-दिवस याच क्रमानं लिहा, म्हणजे फाइली आपोआप काळानुसार लागतात.

ऑब्सिडियनमध्ये नोंदीचं शीर्षक हेच फाइलचं नाव असतं, त्यामुळे आणखी दोन अडचणी येतात. अँड्रॉइडवर फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, अगदी काना आणि हलंतसुद्धा, ३ बाइट घेतं. एकट्या ‘महाराष्ट्र’ला १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट लागतात. असे आठ शब्द झाले की जागा संपली. विंडोज बाइट न मोजता अक्षरं मोजतं, म्हणून लॅपटॉपवर चाललेलं लांबलचक शीर्षक फोनवर अडतं. शीर्षक चार-पाच शब्दांचं ठेवा. दुसरं म्हणजे विसर्ग. ‘दुःख’, ‘स्वतः’ लिहिताना पुष्कळ जण विसर्गाऐवजी इंग्रजी कोलन टाकतात. विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही, आणि शोधतानाही तो शब्द निसटतो.

जुन्या वर्ड फाइली कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतील तर तशाच चिकटवू नका. तिथे आत रोमन अक्षरं असतात आणि फाँट त्यांना मराठी रूप देतो, म्हणून फाँट गेला की मागे निरर्थक अक्षरं उरतात. आधी कन्व्हर्टरनं युनिकोड, म्हणजे फाँट बदलला तरी मराठीच राहणारी अक्षरं, करून घ्या, मग रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. त्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, म्हणून कन्व्हर्टर नेमका तिथेच चुकतो.

कीपमधून आणायला गुगल टेकआउटमध्ये (गुगलकडचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) फक्त कीप निवडा. मिळालेली झिप ऑब्सिडियनच्या ‘इंपोर्टर’ या प्लगइनला (वरून जोडायच्या पूरक भागाला) द्या. व्हॉट्सॲपचं चॅट एक्स्पोर्ट केलं की एकच लांब टेक्स्ट फाइल मिळते. ती तशीच ठेवा आणि लागेल तो मजकूर वेगळा काढा.

फोन आणि लॅपटॉप जुळवायला ऑब्सिडियनची स्वतःची सिंक सेवा पैसे देऊन मिळते. जॉपलिन ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हवर फुकट जुळतं आणि मजकूर कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून पाठवू शकतं. फक्त ते एन्क्रिप्शन आधी सेटिंगमध्ये चालू करावं लागतं. काहीही घ्या, पण एकाच फोल्डरवर दोन सिंक सेवा लावू नका. दोघी एकमेकींच्या फाइली बदलत राहतात आणि एकाच नोंदीच्या तीन-तीन प्रती होतात. पासवर्ड आणि बँकेचे तपशील यात नकोतच. त्यासाठी कीपास किंवा बिटवॉर्डन वापरा.

सगळं हलवण्याआधी दहाच नोंदी घेऊन पाहा. त्यांत एक ‘साताऱ्यात’ असलेली, एक फोटोची, एक तक्त्याची, एक मराठी लेबल लावलेली असू द्या. काही सॉफ्टवेअर लेबल पहिल्या मात्रेपाशीच तोडतात. मग फोनचं इंटरनेट बंद करून त्या उघडा, शोधा, आणि शेवटी एक्स्पोर्ट करून दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये वाचून बघा. फोटो नोंदीबरोबर बाहेर आला का हे मुद्दाम तपासा. मजकूर येतो आणि चित्रं मागे राहतात, हे वारंवार होतं.