पहिलीच्या वर्गात आधी बोलणं

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पहिलीचा वर्ग मिळाला म्हणून हिरमुसलेली दिसतेस. जुन्या मंडळींनी तो नव्याच्या गळ्यात मारला, हे खरंही असेल. पण मिळालाच आहे तर मुळाक्षरांचा तक्ता सुरुवातीला नुसता भिंतीवर राहू दे. आधी मुलांना बोलतं कर.

बोलतं करणं म्हणजे 'हो बाईऽऽ' असा घोष करून घेणं नव्हे. 'कावळा काळा असतो ना?' असं विचारलंस तर मुलांनी बोलायचं काय? हजेरी घेताना एखादा आपणहून सांगतो, "बाई, आमची म्हस याली." 'याली नाही, व्याली म्हण' असं केलंस की तो गप्प जागेवर जाईल. त्यापेक्षा सहज विचार, "म्हैस व्याली? कधी? रेडा झाला की रेडी?" मग आज्जीनं मोबाईलची ब्याटरी कशी धरली, वार कधी पडली, चीक कुणाकुणाकडे वाटला, सगळं क्रमानं बाहेर येतं. पुढे धड्यातला उतारा समजायला हाच क्रम लागतो. आणि 'व्याली' त्याच्या कानावर पडलेलं असतंच. प्रश्न विचारल्यावर मात्र थांब. आपल्या शिक्षकांच्या जातीला वर्गातली शांतता सोसत नाही, उत्तर आपणच देऊन मोकळे होतो.

आवाजांचे खेळ रोज दहा मिनिटं पुरे. टाळ्या वाजवत शब्द तोडायला लाव. 'कमळ'ला मुलं दोनच टाळ्या वाजवतील: क, मळ. चूक म्हणू नकोस. शेवटच्या ळमधला अ बोलताना गळतो, त्यांचा कान बरोबर आहे. अक्षरं तीन का, ते लिहिताना बघू. 'म'चे शब्द विचारलेस की मामा, मीठ, मोबाईल येतील. तेही घे. काना-मात्रा अजून शिकवलेली नाही, त्यांनी आवाज पकडलाय.

पाड्यावरची, तांड्यावरची मुलं असतील तर त्यांच्या बोलीतच बोलू दे. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी गावी बालवाडी सुरू केली. पाड्यावरची मुलं येईनात, तेव्हा त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच पाड्यावर घेऊन गेल्या. तुला तर त्या बोलीतले पाच-पन्नास शब्दच शिकायचेत.

'वही कोरी का?' हे पालकही विचारतील, तपासणीला आलेले साहेबही. साहेबांना सांग, केंद्र सरकारच्या २०२१ पासूनच्या 'निपुण भारत' या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानामध्ये मौखिक भाषा विकास हा घटक आहेच. शिवाय रोज एकेका मुलाचं एक वाक्य, त्याच्याच शब्दांत, तारीख घालून टिपून ठेव आणि ती वही पुढे कर. पालकांना मात्र पुन्हा पुन्हा समजवावं लागेल, त्याला इलाज नाही.

गप्प बसणाऱ्याला पुढे उभं करून बोलायला लावू नकोस. त्याच्याकरवी शेजारच्या वर्गात बाईंना निरोप पाठव. निरोप बदलून पोचला तरी चालेल.

तुझी,
बाई