सोलापूरचे लोक गावातल्या मोठ्या माणसांची नावं इतक्या अभिमानाने का सांगतात?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन सोलापुरात आल्यापासून रिक्षावाल्यापासून घरमालकापर्यंत जो तो तुम्हाला कोटणीस, वालचंद, चार हुतात्मे ही नावं ऐकवतो. गिरण्या बंद पडलेल्या गावाला एवढा अभिमान कशाचा, आणि ही माणसं तर बाहेर जाऊनच मोठी झाली ना, असा तुमचा प्रश्न आहे.

मी पूर्वभागातला. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी आणि बाजारात गेलं की कन्नड. 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली, मग एकामागून एक गिरण्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग माणसं आली. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून आले, मारवाडी आणि गुजराती व्यापारी आले. इथल्या अर्ध्याअधिक घरांची मुळं दुसऱ्याच कुठल्यातरी गावात आहेत. मग आम्ही सगळे सोलापूरचे कशावरून? माझ्यापुरतं सांगतो, या माणसांवरून. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे, पण ते नीट उलगडून सांगायला हवं.

वालचंद हिराचंदांच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. 1882 साली ते इथे जन्मले, पण कर्तृत्व बाहेर गाजलं. त्यांच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघालं, त्याची आठवण म्हणून आजही तो राष्ट्रीय सागरी दिन असतो. बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची जहाजबांधणी, सगळं दूरवर. त्यांच्या नावाच्या कॉलेजातून आमची पोरं इंजिनिअर होऊन बाहेर पडतात, त्याचं कौतुक आहेच.

चार हुतात्म्यांचं तसं नाही. मी सहावीत असताना 12 जानेवारीला गुरुजी आम्हाला रांगेने चार पुतळ्यांपाशी घेऊन गेले होते. त्यांनी एकेकाला नावं मोठ्याने वाचायला लावली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. वाचता वाचता लक्षात आलं की ही तर आमच्या वर्गाची हजेरी आहे. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. माझ्या बाकावर बसणारा, माझ्या मागे बसणारा, सगळे त्यात होते. तेव्हा अंगावर काटा आला होता, आज लिहितानाही येतोय.

1930 च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर गाव पेटलं. 8 मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शंकर शिवदारे पडला. लोक चवताळले, चौकी आणि कोर्ट जाळलं. इंग्रज अधिकाऱ्यांनी गाव सोडून स्टेशनचा आसरा घेतला. पुढचे तीन-चार दिवस इथे इंग्रजांचं राज्य नव्हतं, गावाचा कारभार गावानेच चालवला. मग 12 मेला मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत. नुसती गांधी टोपी घातली तरी पोलीस मागे लागायचे. मंगळवार पेठ चौकीतल्या पोलिसांच्या खुनाचा आरोप या चौघांवर ठेवला आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात त्यांना फाशी दिलं. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे आणि गिरणी कामगारांत काम करायचे. वय विशी-बाविशीचं. ही माणसं कुठे बाहेर गेली होती सांगा! इथेच राहिली, इथल्याच गल्लीबोळांतून पकडून नेली.

आता डॉ. द्वारकानाथ कोटणीस. ते मात्र गेले, आणि फार लांब गेले. जन्म इथला, 1910 चा. 1938 साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. काही सहकारी परतले, हे मागे राहिले. चिनी भाषा शिकले, युद्धात जखमी झालेल्यांवर दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या, कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच एका परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन ही दोन्ही नावं जोडून. 9 डिसेंबर 1942 रोजी ते गेले तेव्हा वय अवघं 32. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं महापालिकेने स्मारक केलंय. तुम्ही अजून गेला नसाल तर या रविवारी जाच. चीनहून माणसं मुद्दाम ते घर बघायला येतात आणि आपल्याच गावातले कितीतरी लोक रोज त्यावरून जाऊनही आत पाऊल टाकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुशीलकुमार शिंदे इथल्या कोर्टात पट्टेवाले होते, पुढे मुख्यमंत्री आणि देशाचे गृहमंत्री झाले, हे तुम्हाला एव्हाना दहा जणांनी सांगितलं असेल.

माझ्या घरात मात्र सगळ्यात जास्त घेतलं जाणारं नाव आडम मास्तरांचं. नरसय्या आडम, माकपचे कामगार नेते, तीनदा आमदार. त्यांचं राजकारण कुणाला पटेल, कुणाला नाही, ते राहू द्या. माझी मावशी, आम्ही पिन्नी म्हणतो, चाळीस वर्षं विड्या वळत होती. सूप मांडीवर, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं शेजारी, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. बोटं इतकी सवयीची की बोलताना खाली बघायचीसुद्धा नाही. हजार विड्या घेऊन कारखान्यात गेलं की तपासणारा त्यातली छाट बाजूला काढणार, तेवढे श्रम फुकट. एवढं करून राहायला एका खोलीत सात जण, तीही भाड्याची. मास्तरांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. विडी कामगार बायकांसाठी 10 हजार घरं, 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. पिन्नीला त्यातलं एक मिळालं. दारावर पाटी आहे ती तिच्या नावाची, काकांच्या नाही. पहिल्या दिवशी ती पाटी तिने पदराने तीनदा पुसली होती.

12 जानेवारीला सुट्टी मिळाली तर पार्क चौकाजवळ चार पुतळ्यांपाशी या. सकाळी लवकर या, नंतर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही.