मुगभाटातले ‘भाट’

एका वाचकांकडे त्यांच्या पणजोबांनी १९१४ साली गावी पाठविलेले पत्र आहे. पत्राच्या माथ्यावर ‘मुक्काम मुंबई, गिरगांव ब्याक रोड, मुगभाट’ असा पत्ता आहे. ‘भाट’ या शब्दावरून घरातील वडीलधाऱ्यांनी असे ठरविले आहे, की पणजोबा भाटांच्या वस्तीत राहत आणि आपले मूळ घराणेही भाटांचेच असावे. कुळवृत्तांतात तसे लिहावे काय आणि हा ‘ब्याक रोड’ आजच्या नकाशात का सापडत नाही, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

कुळवृत्तांतात तसे मुळीच लिहू नये. मुगभाटातील ‘भाट’ हा बिरुदावली गाणारा भाट नव्हे, आणि भिक्षुकी करणारा भट तर नव्हेच. ‘भाट’ म्हणजे बाग, विशेषतः नारळी-पोफळीची बाग. आजच्या मराठीतून हा शब्द जवळजवळ गेला असला, तरी शेजारच्या कोकणीत तो रोजच्या वापरात आहे. गोव्यात बागेला भाट म्हणतात, बागेच्या धन्याला भाटकार म्हणतात आणि त्याच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्याला मुंडकार. गिरगाव हा एके काळी माडांचा आणि वाड्यांचा परिसर होता, ही गोष्ट ध्यानात घेतली की नावाचे कोडे उरत नाही.

अर्थाबरोबर शब्दाची घडणही पाहावी, कारण मला तोच पुरावा अधिक बळकट वाटतो. मुगभाट, बोरभाट, कोळभाट या मुंबईतील तिन्ही नावांत ‘भाट’ शेवटी येतो. आपल्या भाषेत अशा समासात शेवटचे पद वस्तू सांगते आणि पहिले पद त्या वस्तूची ओळख सांगते. फणसवाडी, केळेवाडी आणि कांदेवाडी या नावांत मूळ वस्तू वाडी आहे, फणस नव्हे. त्याच न्यायाने मुगभाट हे एक भाट आहे. भाटांची वस्ती असती, तर नाव ‘भाटवाडी’ किंवा ‘भाटआळी’ असे उलट्या क्रमाने पडले असते. शिवाय गिरगावकर ‘मुगभाटात राहतो’ असे एकवचनात म्हणतात. माणसांच्या समूहाचे नाव असे चालविले जात नाही, जागेचे चालविले जाते.

घोटाळा वाढला तो रोमन लिपीमुळे. रोमन लिपीत भट आणि भाट एकाच अक्षरांनी लिहिले जातात, त्यामुळे घाटकोपरची भटवाडी आणि गिरगावचे मुगभाट इंग्रजी कागदांत सख्खी भावंडे वाटतात. त्याच कागदांत बागेसाठी ‘ओर्ट’ असा एक शब्द येतो. तो पोर्तुगीज ‘ओर्ता’ या शब्दाचे रूप असून पश्चिम किनाऱ्याबाहेर सहसा आढळत नाही. वाचकांना पुढेमागे एखाद्या जुन्या खरेदीखताची इंग्रजी प्रत मिळाली आणि तीत हा शब्द दिसला, तर ते व्यक्तीचे नाव समजू नये. ते आपले भाटच आहे.

आता ‘ब्याक रोड’. इंग्रजीतील ‘ॲ’ या उच्चारासाठी स्वतंत्र चिन्ह रुळण्यापूर्वी आपले लोक ब्यांक, ब्यारिस्टर असेच लिहीत, म्हणून पणजोबांचा ‘ब्याक’ म्हणजे ‘बॅक’. गिरगाव रोडच्या मागून जाणारा तो गिरगाव बॅक रोड. गिरगाव रोडला आज जगन्नाथ शंकरशेठ मार्ग म्हणतात आणि बॅक रोडला विठ्ठलभाई पटेल मार्ग. पत्त्याची एक कडी इथे जुळते. नकाशात जुने नाव शोधत बसल्याने हाती काही लागले नाही, यात वाचकांचा दोष नाही.

या नामांतरांत थोरांची नावे रस्त्यांना मिळाली याचे मला समाधान आहे, मात्र पाटीवरून जमिनीची ओळख गेली याची हळहळही वाटते. कांदेवाडीचा खाडिलकर रोड झाला आणि केळेवाडीचा डॉ. भालेराव मार्ग. माझी आत्या मात्र तिथल्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यगृहात नाटकाला निघाली, की ‘केळेवाडीत जाऊन येते’ असेच शेवटपर्यंत म्हणत असे. म्हणून कुटुंबाचा शोध घेणाऱ्याने आधी घरातील वृद्धांच्या तोंडचे नाव जसेच्या तसे, त्यांच्या विभक्तीप्रत्ययासह, टिपून घ्यावे आणि नंतर पाट्यांकडे वळावे.

घर नेमके कोणते, हे ठरविण्यास नाव पुरणार नाही; त्यासाठी क्रमांक हवा. मुंबईच्या जुन्या खरेदीखतांच्या शेवटी मिळकतीचे वर्णन असते. त्यात चतुःसीमा, कलेक्टरचा जुना व नवा नंबर, पुष्कळदा ‘लॉटन सर्व्हे नंबर’ आणि अलीकडच्या कागदांत ‘कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर, गिरगाव डिव्हिजन’ असे लिहिलेले आढळते. कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात मुंबई शहराची मोजणी केली, तिचा तो नंबर. रस्त्याचे नाव बदलले तरी मिळकतीचे हे क्रमांक एका कागदातून दुसऱ्या कागदात उतरत येतात आणि त्यांच्या आधारे आजची इमारत गाठता येते. पणजोबा भाडेकरू असतील, तर खरेदीखत त्यांच्या नावे मिळणार नाही. अशा वेळी चाळीच्या मालकाचे नाव शोधावे लागेल. ते बहुधा त्याच पत्रात, ‘मुगभाट’च्या पुढे ‘अमुक शेटची चाळ’ अशा रूपात असेल. वाचकांनी पत्त्याची ओळ ‘मुगभाट’पाशी थांबवून कळविली आहे. त्यापुढे एखादा पुसट शब्द आहे का, ते पत्र उजेडात तिरपे धरून एकदा पाहावे.