इंजेक्शन तेच, मग डॉक्टर कशाला?

प्रश्न : वय 36. चाकणच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो. उंची 5 फूट 7 इंच, वजन 94 किलो. वर्षभर थकवा आहे, जिममध्ये जोर येत नाही, पत्नीजवळ जाण्याची इच्छाही कमी झाली आहे. कंपनीच्या तपासणीत टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) 248 आलं. रक्त रात्रपाळीहून आल्यावर, चहा-नाश्ता करून दुपारी दिलं होतं. फॅमिली डॉक्टर हसून म्हणाले, "वय होतंय आता, टेन्शन घेऊ नका." जिमचा ट्रेनर म्हणतो, आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं 250 मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन घे. माझा एक मित्र दोन वर्षं असंच घेतोय, त्याला काही झालेलं नाही. हार्मोनच्या डॉक्टरांची फी, तपासण्या, रजा, सगळं धरून खर्च बराच येतो. शेवटी तेही हेच इंजेक्शन देणार असतील, तर स्वतः घ्यायला काय हरकत? मी अजून एकही घेतलेलं नाही. लग्नाला तीन वर्षं झाली, पुढच्या वर्षी मुलाचा विचार आहे.
– एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्यासाठी सगळं पत्र त्यावर उभं आहे. पुढच्या वर्षी मूल हवं असेल, तर आज तुम्हाला टेस्टोस्टेरॉन कुणीच देऊ नये. ट्रेनरनं नाही आणि मीही नाही.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स सोडते. त्यांच्या हुकमावर वृषणांत टेस्टोस्टेरॉन आणि शुक्रजंतू तयार होतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरीला वाटतं, भरपूर आहे, आणि ती हुकूम देणंच थांबवते. रक्तातला आकडा छान दिसतो, अंगात जोर येतो, पण वृषणं आकसतात आणि शुक्रजंतू घटत जातात. हा परिणाम इतका हमखास आहे की जागतिक आरोग्य संघटनेनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तो तपासून पाहिला होता. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं, आणि निम्म्याहून अधिक जणांचे शुक्रजंतू सहा महिन्यांत शून्यावर आले. तुमचा ट्रेनर आठवड्याला 250 सांगतोय. बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्रजंतू परत येतात, पण त्यात वर्ष जाऊ शकतं, काहींची दोन वर्षं जातात, आणि खात्री कुणीच देऊ शकत नाही. इंजेक्शनं चालू असताना वर्षभर पत्नीच्याच तपासण्या होत राहिलेली जोडपी मी पाहिली आहेत. सासरचे तिला विचारत असतात आणि नवरा गप्प बसलेला असतो. मला त्या मुलींचं फार वाईट वाटतं.

आता त्या 248 बद्दल. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं, दिवस चढेल तसं उतरतं. खाल्ल्यावर आणखी खाली येतं. झोप अपुरी असेल, नुकताच ताप येऊन गेला असेल, तरीही कमी दिसतं. तुमचं रक्त रात्रपाळीनंतर, नाश्ता करून, दुपारी घेतलं गेलं. या आकड्यावर मी काहीच ठरवणार नाही. दिवसपाळीच्या आठवड्यात, सलग चार-पाच रात्री नीट झोप झाल्यावर, सकाळी 7 ते 10 च्या दरम्यान उपाशीपोटी रक्त द्या. काही दिवसांनी पुन्हा तसंच द्या. दोन्ही वेळा आकडा कमी आला आणि लक्षणंही असली, तरच कमतरता म्हणायची. अमेरिकेतल्या हार्मोनतज्ज्ञांची संघटना दर डेसिलिटर रक्तात 264 नॅनोग्रॅमची खालची मर्यादा धरते, तिथले मूत्रविकारतज्ज्ञ 300 धरतात.

आणि मग खरा प्रश्न येतो : कमी का? इथे स्वतःच्या मनानं घेतलेलं इंजेक्शन सर्वांत मोठं नुकसान करतं, कारण ते पुरावाच पुसून टाकतं. कारण शोधायला मी एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन) बघते. एलएच वाढलेलं असेल तर दोष वृषणांत. म्हणून लहानपणी गालगुंड झाले होते का, मार लागला होता का, हे विचारते. एलएच कमी किंवा नेहमीइतकंच असेल तर दोष वरच्या बाजूला, म्हणजे मेंदूत किंवा पिट्युटरीत. पण तुम्ही इंजेक्शन घेऊन आलात की एलएच तसंही दबलेलं असतं. मूळ दोष कुठला होता, हे मग औषध सुटून काही महिने गेल्याशिवाय कळत नाही.

माझ्या एका रुग्णाची तक्रार अगदी तुमच्यासारखीच होती. त्यांचं प्रोलॅक्टिन खूप वाढलेलं निघालं. एमआरआय केला, पिट्युटरीत गाठ होती. कॅबर्गोलिनच्या गोळ्यांनी गाठ आक्रसली आणि टेस्टोस्टेरॉन आपोआप वर आलं, एकही इंजेक्शन लागलं नाही. त्यांनी जिममधून औषध घेतलं असतं तर थोडं बरंही वाटलं असतं, आणि गाठ आत वाढत राहिली असती.

तुमच्या बाबतीत मला संशय दुसरीकडे आहे. 5 फूट 7 इंचाला 94 किलो म्हणजे स्थूलपणा. अशा वेळी टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं एसएचबीजी हे प्रथिन कमी होतं, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, पण शरीराला वापरता येणारं मुक्त टेस्टोस्टेरॉन कधी कधी पुरेसं असतं. तेही तपासून घ्या, सोबत साखर आणि थायरॉइड. येताना पत्नीला बरोबर आणा आणि आत बसवा. पुष्कळ पुरुष बायकोला बाहेर बसवून एकटे आत येतात, पण तुम्ही किती घोरता, झोपेत श्वास अडकतो का, हे तिलाच माहीत असतं. श्वास अडकत असेल तर थकव्याचं आणि कमी टेस्टोस्टेरॉनचंही कारण तिथे सापडू शकतं, आणि त्यावर इलाज न करता इंजेक्शन घेतलं तर तो त्रास वाढू शकतो. वजन उतरलं, झोप सुधारली, तर हा आकडा औषधाशिवाय चढतो. मुलाच्या दृष्टीनंही तोच रस्ता सुरक्षित आहे. शिवाय गरज पडली तर वृषणांना काम करायला लावणारी औषधं आहेत, क्लोमिफेन किंवा एचसीजी. ती तज्ज्ञानं ठरवायची.

ज्यांना खरोखर कमतरता आहे त्यांच्यासाठी टेस्टोस्टेरॉन उत्तम औषध आहे. मी ते देते. काही रुग्ण घरी स्वतःच टोचून घेतात, ते मीच शिकवते. सुई कुणाच्या हातात आहे यावर माझा आक्षेप नाही. पण ट्रेनरनं सांगितलेलं 250 चं मिश्र इंजेक्शन उपचारात साधारण तीन आठवड्यांतून एकदा देतात. तो तिप्पट सांगतोय. ते बहुधा शेंगदाण्याच्या तेलात असतं, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे त्यानं विचारलं का? चिठ्ठीशिवाय ते विकायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे आडमार्गानं आलेल्या बाटलीत नेमकं काय आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. आणि एका बाटलीत चौघांच्या सुया गेल्या तर कावीळ बी आणि सी यांची भीती वेगळीच.

तुमचे फॅमिली डॉक्टर हसले, ते मला अजिबात आवडलं नाही. 36 हे काही गळून जायचं वय नव्हे. अशा हसण्यानंच माणसं ट्रेनरकडे जातात. मात्र एका रिपोर्टवर लगेच इंजेक्शन लिहून देणारा डॉक्टरही नको. जो तुमची वृषणं तपासत नाही, मुलाबद्दल विचारत नाही, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघत नाही, त्याच्या डिग्रीमुळे ती देखरेख ठरत नाही. खर्चाची काळजी असेल तर सकाळचं टेस्टोस्टेरॉन आणि वीर्यतपासणी एवढंच आधी करा, बाकीचं त्यावरून ठरेल. सरकारी मेडिकल कॉलेजच्या बाह्यरुग्ण विभागातही हे दाखवता येतं.

मित्राला "काही झालेलं नाही" याचा अर्थ त्याला काही जाणवलेलं नाही. या औषधानं रक्त दाट होतं, आणि ते आतून कळत नाही. त्याला या आठवड्यात हिमॅटोक्रिट, रक्तदाब आणि वीर्य तपासायला सांगा. हिमॅटोक्रिट 54 टक्क्यांच्या वर असेल तर पुढचं इंजेक्शन न घेता लगेच फिजिशियनकडे जावं. तो आकडा ठीक आला तरी डॉक्टर गाठावाच, आणि काय, किती, कधीपासून घेतो ते सगळं खरं सांगावं. परस्पर एकदम सोडलं तर काही महिने फार गळल्यासारखं, उदास वाटू शकतं, आणि त्या काळात त्यानं एकटं असू नये.