सुटलेला गेम परत सुरू होतो तेव्हा

‘सुटलं होतं हो सगळं. दहा-बारा वर्षं नाव काढलं नव्हतं. आता परत सुरू झालंय.’

समुपदेशक म्हणून काम करताना हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या घरांकडून ऐकलं आहे की एकदा त्यावर सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. बोलणारी बहुतेक वेळा बायको असते, कधी आई. दारू सोडलेल्या माणसाच्या कपाटात बाटली सापडावी, तशी भीती तिच्या चेहऱ्यावर असते. शेजारी चाळिशीला टेकलेला, नोकरी आणि घराचे हप्ते नीट सांभाळणारा माणूस मान खाली घालून बसलेला असतो. अशाच एका पुण्यातल्या जोडप्याची ही गोष्ट आहे. त्यांच्या संमतीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गेम होता ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००४ च्या नोव्हेंबरात आलेला हा कॉम्प्युटरवरचा ऑनलाइन खेळ. हजारो माणसं आपापलं पात्र घेऊन एकाच जगात वावरतात. त्यांचे कायमचे गट असतात, त्यांना गिल्ड म्हणतात. गिल्डमधली दहा किंवा पंचवीस माणसं ठरलेल्या रात्री, ठरलेल्या वेळी मिळून चढाई करतात, ती रेड. २०१० च्या ऑक्टोबरात या खेळाचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले होते. त्या वेळी कॉलेजात किंवा पहिल्या नोकरीत असलेली मुलं आज पस्तिशी-चाळिशीत आहेत. त्यांना जुना खेळ परत हवासा वाटतो ही इतकी व्यापक गोष्ट आहे, की कंपनीनं २०१९ मध्ये खेळाची सुरुवातीच्या काळातली आवृत्ती जवळपास जशीच्या तशी पुन्हा चालू केली. त्यामुळे ‘आमच्याच घरी असं का?’ हा प्रश्न तरी मनातून काढून टाकायला हरकत नाही.

पहिल्या भेटीत बोलत होती ती.

‘रात्री अडीचला जाग आली तर हा बाहेरच्या खोलीत हेडफोन लावून बसलेला. विचारलं तर म्हणतो, काही नाही, जरा बघतोय.’

‘मी खरंच काही करत नव्हतो,’ तो म्हणाला.

‘मग झोपत का नाहीस?’

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण त्याचं ते वाक्य माझ्या मनात राहिलं. खेळात बुडालेली माणसं मला माहीत आहेत. त्यांना खेळाबद्दल विचारलं की डोळे चमकतात, कुठलं शस्त्र मिळालं, कोण कसं हरलं, हे थांबवेपर्यंत सांगतात. हा माणूस रात्री अडीचला जागत होता आणि काही करत नव्हता. तक्रार खेळण्याची होती, पण खेळणं मला कुठे दिसेना.

वेळेचा उलगडा आधी झाला. २००८ मध्ये तो एमएस्सीसाठी इंग्लंडला गेला आणि पुढे तिथेच नोकरीला लागला. त्याची गिल्ड युरोपातल्या सर्व्हरवर होती. रेड मध्य युरोपच्या घड्याळानुसार रात्री आठला, म्हणजे त्याच्या इंग्लंडच्या घरात संध्याकाळी सातला. तेच आठ हिवाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेबारा होतात, उन्हाळ्यात साडेअकरा. त्या काळी जो संध्याकाळचा विरंगुळा होता, तो इथून मध्यरात्रीचा झाला. झोपमोड दिसली की घरच्यांना थेट व्यसन दिसतं. पुष्कळदा त्यामागे नुसतं सर्व्हरचं घड्याळ असतं, हे परदेशातून परतलेल्या खेळाडूंच्या घरात मी आवर्जून सांगते.

पण तो तर रेडमध्ये नव्हताच. म्हणून पुढच्या वेळी मी त्याला एकट्याला लॅपटॉप घेऊन बोलावलं आणि म्हटलं, ‘रात्री जे करता ते मला दाखवा.’

तो लाजला, मग लॉग इन केलं. पडद्यावर पांढऱ्या झग्यातला एक प्रीस्ट उभा राहिला. त्याचं हे पात्र हीलर होतं, म्हणजे लढणाऱ्यांच्या जखमा भरून त्यांना जिवंत ठेवणारं. भोवती दालारान नावाचं जांभळ्या मनोऱ्यांचं शहर होतं. एके काळी तिथे चालायला जागा नसे. खेळ पुढे सरकला, नवे प्रदेश आले, आता तिथे चिटपाखरूही नव्हतं. त्याचा प्रीस्ट ८० लेव्हलचा होता, त्या काळची ती कमाल. २०२० मध्ये कंपनीनं सगळ्यांच्याच लेव्हल खाली आणल्या, १२० ची ५० झाली, त्यात याचा प्रीस्ट तिशीवर आला. बटणं बदललेली, मंत्र बदललेले. त्यानं गिल्डची यादी उघडली. प्रत्येक नावापुढे शेवटचं कधी आले होते ते लिहिलेलं. अकरा वर्षं. बारा वर्षं. पुन्हा बारा.

‘मग काय करता?’

‘काही नाही. उभा राहतो. यादी बघतो.’

‘कुणी येईल म्हणून?’

खूप वेळ गेला. मग तो म्हणाला, ‘मी पंधरा दिवसांत येतो असं सांगितलं होतं.’

मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाचं मौन फार कामाचं असतं, आणि ते मी वर्षानुवर्षं मेहनतीनं कमावलं आहे.

२०१० च्या सुरुवातीची गोष्ट. दहा जणांची रेड, त्यात दोन हीलर, त्यातला एक हा. ऑनलाइन खेळ मधेच थांबवून ठेवता येत नाही. हीलर उठला की उरलेले नऊ जण मेलेच म्हणून समजा. त्या रात्री फोन सायलेंटवर होता. चढाई संपल्यावर पाहिलं तर आईचे सात मिस्ड कॉल. बाबांना हार्ट अ‍ॅटॅक आला होता. तिकीट काढून निघताना त्यानं गिल्डला पंधरा दिवसांत येतो म्हणून कळवलं. बाबा तो पोचायच्या आत गेले. तो परतला नाही, आणि गेममध्येही पाऊल टाकलं नाही.

‘फोन उचलला असता तर बाबा भेटले असते?’ मी विचारलं.

‘नाही. विमान तर सकाळचंच होतं.’

‘हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?’

‘पहिल्यापासून.’

‘तरी?’

‘तरी मी तेव्हा खेळत होतो, मॅडम.’

या भेटीनंतर मी बराच वेळ विचार करत बसले. घर ज्याला ‘सुटलं होतं’ म्हणत होतं, ते सुटणं नव्हतंच. त्यानं स्वतःला शिक्षा केली होती आणि ती बारा वर्षं निमूट भोगली होती. शिक्षा म्हणून सोडलेली गोष्ट मनातून जात नाही. तिथे दोन हिशेब अर्धवट राहिले होते, बाबांचा आणि त्या नऊ जणांचा. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न बदलला. परत का सुरू केलं, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, सोडलं होतं ते कसं? कंटाळून सोडलं, वेळ मिळेना म्हणून सोडलं, कुणी शपथ घातली म्हणून सोडलं, की अपराधी वाटून सोडलं? परतीचा सगळा अर्थ त्या उत्तरात असतो.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडलेली समुपदेशक आहे. घटनेपेक्षा घटनेबद्दल आपण मनाशी जे ठरवून बसतो त्यानं माणूस जास्त पोळतो, हे त्यांनी १९५५ पासून मांडलं आणि माझ्या कामात ते मला रोज दिसतं. ‘फोन उचलला असता तर बरं झालं असतं’ हे त्याचं वाक्य खरं होतं. ते पुसायची गरज नव्हती, त्यातलं दुःख त्याचं हक्काचं होतं. पण त्याच्या पाठोपाठ त्यानं दुसरं वाक्य जोडलं होतं: ‘म्हणून मी माणसांना अर्ध्यावर सोडणारा आहे.’ या दुसऱ्या वाक्याला पुरावा काय, यावर आम्ही अनेक भेटी बोललो. ज्यानं आईसाठी तिकडची नोकरी सोडली, तो अर्ध्यावर सोडणारा कसा?

मग त्यानं हे सगळं बायकोसमोर सांगितलं. तिला फोनचं काहीच माहीत नव्हतं. ती रडली, आणि मग जे बोलली त्यानं माझ्याही समोर नवं दार उघडलं.

‘मला वाटायचं, आपलं लग्न ठरलं म्हणून तू सोडलंस. मी सगळ्यांना तेच सांगत आले.’

म्हणजे तिच्याही मनात एक वाक्य होतं. ‘त्यानं माझ्यासाठी सोडलं, तर आता परत धरलं याचा अर्थ मी उणी पडले.’ भांडण लॅपटॉपवरून चाललं होतं, पण टोचत होतं ते हे. अशा जोडप्यांत खेळणाऱ्याइतकंच न खेळणाऱ्याच्या मनातलं वाक्य ऐकावं लागतं. ते ऐकल्याशिवाय कितीही वेळापत्रकं आखली तरी आठवड्यात मोडतात.

पुढच्या भेटीत त्यानंच मला एक गोष्ट सांगितली, ती मी आता इतरांनाही सांगते. या खेळात एखाद्या धर्मशाळेत किंवा शहरात लॉग आउट केलं की पात्राची विश्रांती साठत जाते. परत आलात की शत्रू मारल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण काही काळ दुप्पट. चाचणीच्या काळात मात्र नियम उलट मांडला होता: फार वेळ खेळलात की गुण निम्मे. खेळाडू चिडले. मग कंपनीनं आकडे जवळपास तेच ठेवून नाव बदललं. कपातीच्या जागी विश्रांतीचं बक्षीस आलं आणि लोक खूश झाले.

‘तुमची बारा वर्षं यातली कुठली?’ मी विचारलं. ‘कपात की विश्रांती?’

तो हसला. माझ्या खोलीत पहिल्यांदाच. ‘साठा दीड लेव्हलपर्यंतच होतो, मॅडम. दहा दिवस पुरतात. बाकीचं उगाच भोगलं मी.’

त्या आठवड्यात त्यानं गिल्डला निरोप लिहिला. खेळातली टपाल-चिठ्ठी महिन्याभरात नाहीशी होते आणि वाचणारं तिथे कुणी नव्हतंच, म्हणून त्यानं तो आमच्यासमोर वाचून दाखवला. बाबांचं काय झालं, तो का आला नाही, दुसऱ्या हीलरची माफी. तिनं तो त्याच्याकडून मागून घेऊन स्वतः पुन्हा वाचला.

व्यवहाराचं त्यानंतर अर्ध्या तासात ठरलं. त्याला खेळायचं होतं, पण माणसांबरोबर. युरोपातल्या रात्री पुण्यातून झेपणार नव्हत्या. ओशनिया सर्व्हरवर, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या खेळाडूंबरोबर, सिडनीचे रात्रीचे आठ आपल्याकडे दुपारचे साडेतीन किंवा त्यांच्या उन्हाळ्यात अडीच होतात. युरोपातलं पात्र तिकडे नेता येत नाही, म्हणून त्यानं पहिल्या लेव्हलपासून नवं पात्र केलं. शनिवारची दुपार ठरली. फोन मोठ्या आवाजावर, टेबलावर, नजरेसमोर. ही अट त्यानंच घातली.

आता ज्यांच्या घरी नुकतंच ‘परत सुरू’ झालं आहे त्यांच्यासाठी. वर्गणी एका महिन्याचीच भरा. सहा महिन्यांची भरली की पैसे वसूल करायला खेळलं जातं. ‘पाच मिनिटांत येतो’ हे वाक्य घरातून काढून टाका, कारण रेडमध्ये पाच मिनिटं कुणाच्याच हातात नसतात. त्याऐवजी किती वाजल्यानंतर नवी चढाई सुरू करायची नाही ते ठरवा आणि जेवणाची वेळ त्याच्या आधी किंवा नंतर ठेवा. घरच्यांनी एकदा शेजारी बसून यादीतली नावं विचारा. कोण कुठला, कोण अजून येतं, कोण येत नाही. किती तास खेळलास या प्रश्नापेक्षा यातून कितीतरी जास्त कळतं.

आणि ओढ कसली आहे ते पाहा. एक तरुणी माझ्याकडे येत असे. ती प्लेस्टेशनवर ‘फायनल फँटसी १४’ खेळायची. त्या खेळात मोठ्या कष्टानं मिळणारं घर मालक ४५ दिवस आत गेला नाही की पाडलं जातं. खेळ आवडेनासा होऊन वर्ष झालं तरी ती केवळ घर वाचवायला वर्गणी भरून लॉग इन करत होती. त्या खेळाचे निर्माते नाओकी योशिदा स्वतः जाहीरपणे सांगतात, दुसरे खेळ खेळा, वाटेल तेव्हा परत या. भीतीनं परतणं आणि आवडीनं परतणं बाहेरून एकसारखं दिसतं. तिच्याशी मी पहिल्या प्रकाराबद्दल बोलले, घर गेलं तर नेमकं काय जाईल याबद्दल. तिनं ते जाऊ दिलं.

खरं व्यसन नसतंच असं मी मुळीच म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजार-वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही चालूच राहणं, आणि त्यापायी काम, शिक्षण किंवा नाती कोलमडणं. हे साधारण १२ महिने दिसावं लागतं, फार तीव्र असेल तर त्याआधीही निदान होतं. असं चित्र असेल तर वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे. पण तीन आठवड्यांच्या जागरणावर हा शिक्का मारू नका. शिक्का बसला की माणूस लपवायला शिकतो, आणि मग खरंच काही बिघडलं तर तुम्हाला ते शेवटी कळतं.

त्या जोडप्याचा सध्याचा प्रश्न वेगळा आहे. मुलगा आठ वर्षांचा आहे आणि शनिवारी बाबाच्या खुर्चीमागून हलत नाही. युरोपात या खेळाला १२ वर्षांची अट आहे. ती म्हणते अजिबात नको, तो म्हणतो बघू तरी दे. तूर्त मुलानं शेजारी बसून नकाशा वाचायचा, कीबोर्डला हात लावायचा नाही, आणि बारा पूर्ण झाल्यावर हा विषय पुन्हा काढायचा, इथवर ते आले आहेत.